वैशाखात रतनगडाच्या वाटेवर

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



बाहेरगावच्या माणसासमोर आमच्या नगर जिल्ह्याचं नाव काढलं की त्याला तीन गोष्टी आठवतात : साखर कारखाने, शिर्डी आणि दुष्काळ. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी लोकांच्या या आठवणी काही बदललेल्या नाहीत. पण क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिल्या क्रमांकावर असलेल्या या जिल्ह्याला पश्चिमेच्या टोकाला एक निराळं अंग आहे, ते म्हणजे अकोले तालुका. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, याच तालुक्याच्या हद्दीवर उभं आहे. हरिश्चंद्रगड इथलाच, रतनगडही इथलाच. जिल्ह्याच्या पूर्वेला पावसाची वाट बघून डोळे शिणतात, आणि इकडे घाटघर-रतनवाडीला पाऊस आता पुरे म्हणायची पाळी येते.

या डोंगरांकडे जायचे लोकांचे हंगाम ठरलेले आहेत. पावसाळ्यात धबधबे बघायचे, थंडीत किल्ले चढायचे. उन्हाळ्यात तिकडे कशाला जायचं? सगळं वाळलेलं, करपलेलं, काय बघणार? मे महिन्याच्या अखेरीस मी रतनगडाला निघालो तेव्हा घरच्यांनी हाच प्रश्न विचारला. आमच्या सौभाग्यवतींनी दोन कांदे आणि मीठ-साखरेची पुडी पिशवीत टाकली आणि "या वयात ऊन अंगावर घेऊ नका" असं बजावलं. आज मला सांगायचं आहे ते या उन्हाळ्यातल्या डोंगराबद्दलच. कारण वर्षातला सर्वांत निवांत वाटणारा हा काळ तिथल्या जिवांच्या दृष्टीनं सर्वांत धामधुमीचा असतो, हे मला त्या एका दिवसाच्या चालण्यात बघायला मिळालं.

मी राहतो संगमनेरला, प्रवरेच्या काठी. ही प्रवरा रतनगडाच्या अंगावर उगम पावते. खाली भंडारदऱ्याच्या धरणात साठते, अकोले, संगमनेर करत नेवाशाला जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथून वाहणारं पाणी हेच. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि त्याच्या कालव्यांवर खालचा सगळा उसाचा मुलूख उभा राहिला. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्या-वस्त्यांवर मात्र उन्हाळ्यात बायका डोक्यावर हंडे घेऊन चालताना दिसतात. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' असं वर्तमानपत्रात आपण नेहमी वाचतो, ते तिथं डोळ्यांनी दिसतं.

जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला पोचलो आणि तिथं मुक्काम केला. वाटाड्या म्हणून गावातले साठीतले एक गृहस्थ बरोबर यायला तयार झाले. महादेव कोळी समाजातले. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून मीही मामाच म्हणू लागलो. ते मला 'भाई' म्हणत होते. पहाटे साडेपाचला अमृतेश्वराच्या कोरीव दगडी देवळावरून आम्ही निघालो.

वाट सुरुवातीला प्रवरेच्या पात्राला धरून जाते. पात्र कसलं, गोटेच गोटे. मधूनच एखाद्या डोहात गुडघाभर पाणी. अजून नीट दिसतही नव्हतं, तेवढ्यात कुणीतरी शीळ घातली. वाटलं, एखादा गुराखी पोरगा असेल. शीळ लांबत गेली, घसरली, पुन्हा वर चढली. सुरात आहे म्हणावं तर मध्येच भरकटणारी. मामा म्हणाले, "पाखरू हाय ते." तो शीळकरी कस्तूर. काळसर निळा, खांद्यावर चकचकीत निळा पट्टा, ओढ्याकाठच्या दगडांत राहणारा. उन्हाळा संपत आला की याचा गळा मोकळा होतो आणि पुढे पावसाळाभर तो गात राहतो. ओढा कोरडा पडलेला असताना तो पाण्याच्या काठी बसल्यासारखा गात होता, याची मला मोठी गंमत वाटली.

डोहाच्या काठी चिखल होता. मामा तिथं उकिडवे बसले. "रातच्याला कोण कोण येऊन गेलं ते इथं कळतं," म्हणाले. रानडुकराचे खूर मलाही ओळखता आले. शेजारी एका भेकराचे नाजूक खूर होते. हा हरणाच्या जातीतला लहानखुरा प्राणी, ओरडतो मात्र कुत्र्यासारखा. थोडं पुढे वाटेत साळिंदराचा काळा-पांढरा काटा पडलेला मिळाला. एवढं सगळं एका खाटेएवढ्या चिखलाभोवती. आसपासचे बाकीचे डोह आटले होते, त्यामुळे रानातल्या सगळ्यांना एकाच पाणवठ्यावर यावं लागत होतं. उन्हाळ्यात प्राण्यांच्या खुणा जास्त दिसतात त्या यामुळेच. आपल्याला ती पर्वणी वाटते, त्यांची मात्र ती अडचण असते. मामांनी मला तिथं दोन मिनिटांच्या वर बसू दिलं नाही. "आपण इथं बसलो तर ते पाण्यावर यायचे न्हाईत," एवढंच म्हणाले.

पुढे दाट रान लागलं. बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत सावली. जांभूळ, हिरडा, आंबा, उंबर. वरच्या फांद्यांतून अचानक खडखडाट केल्यासारखा मोठा आवाज आला. मान वर केली तर तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची खार एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावत होती. हे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेपटीसह तीन फुटांच्या आसपास लांबी आणि वजन दोन किलोपर्यंत. आपल्या अंगणातल्या खारीशी त्याचं नातं आहे, पण राहणी अगदी वेगळी. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडावरच खातं, झाडावरच झोपतं, काटक्या आणि पानांचं गोल घरटं फांदीच्या टोकाकडे बांधतं. एकच नव्हे, अनेक घरटी बांधून ठेवतं. त्याचं सगळं आयुष्य फांदीला फांदी लागलेली असण्यावर अवलंबून आहे. रानात मधूनच पाच-पन्नास झाडं गेली की आपल्या लेखी रान तेवढंच राहतं, शेकराचा मात्र रस्ता तुटतो. १९८६ मध्ये हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याचा उपयोग अशा ठिकाणी कळतो.

लोखंडी शिड्या चढून आम्ही गडावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. गडावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. गडाच्या माथ्यावर नेढं आहे, म्हणजे सुईला असतं तसं डोंगराला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वैशाखातही गार वारा लागतो. समोर अलंग, मदन, कुलंग आणि त्यांच्या पलीकडे कळसूबाई. एक सर्पगरुड दरीवर घिरट्या घालत होता. मामा सांगत होते, त्यांच्या लहानपणी गावात ढोर मेलं की आभाळात गिधाडं मावत नसत. आता कुठं एखादं दिसतं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभरातली गिधाडं झपाट्यानं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ढोराची कळ थांबावी म्हणून शेतकऱ्यानं ते औषध दिलं होतं, गिधाडाचं वाईट करायचं कुणाच्याच मनात नव्हतं. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

दुपारचं ऊन आम्ही गुहेत काढलं. भाकरी खाताना बिबट्याचा विषय निघाला. आमच्या जिल्ह्यात तो निघाल्याशिवाय राहत नाही. मी मामांना आजोबाची गोष्ट सांगितली. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या परिसरात एक वयस्क बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढलं, गळ्यात पट्टा बसवला आणि माळशेज घाटात सोडलं. त्याच्या शांत स्वभावामुळे अभ्यासकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. तो घाट उतरला, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडले आणि सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत माणसांची किती गावं लागली असतील, पण त्यानं कुणालाही इजा केली नाही. त्याच्यावर पुढे २०१४ मध्ये मराठी चित्रपटही आला. तो बघायला आजोबा मात्र नव्हता. २०११ च्या डिसेंबरमध्ये वाहनाची धडक बसून तो गेला होता.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रानातला वाघ बरा, भाई. उसातला अवघड." अकोल्याच्या आसपास उसाच्या शेतीत विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळजवळ तितकीच तरसं. जंगल नावाची गोष्ट तिथं नाही. ऊस हेच जंगल आणि वस्तीवरची कुत्री ही शिकार. अलीकडच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. संध्याकाळी उसाच्या कडेनं पोराला कडेवर घेऊन जाणाऱ्या बाईला मी गावात बसून भूतदया शिकवावी, हे मला शोभणार नाही. एवढंच म्हणतो, की बिबट्या आपल्या अंगणात का आला, हा प्रश्न विचारताना आपलं अंगण कुठवर गेलं आहे तेही एकदा बघायला हवं.

ऊन कलल्यावर उतरू लागलो. उतरताना करवंदाच्या जाळ्या लागल्या. काळीभोर करवंदं, चिकानं ओठ चिकटवणारी. एका कातळावर कुणाची तरी विष्ठा होती आणि तिच्यात बियाच बिया. "उदमांजर," मामा म्हणाले. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. करवंदं पिकतात ती मे महिन्यात. आंबा आणि तोरणंही याच दिवसांत, आणि त्यांच्या पाठोपाठ जांभूळ. हे खातात पाखरं, वानरं, उदमांजरं, आणि बिया टाकत फिरतात रानभर. पंधरा दिवसांत त्यांच्यावर पाऊस पडणार असतो. म्हणजे खाली शेतकरी राब भाजून, नांगर दुरुस्त करून मृगाची वाट बघत असतो, तेव्हा वर रानातली पेरणी उरकत आलेली असते.

आणि हीच वेळ वणव्याचीही असते. एका उतारावर काळं पडलेलं गवत आणि भाजलेली झुडपं दिसली. कुणी म्हणतं, गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं, म्हणून लावतात. कुणी म्हणतं, फिरायला आलेल्यांची विडी-सिगारेट. कारण काही असो, जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांची अंडी, पडलेल्या बिया, पानांच्या खाली वाढणारे किडे, सगळं त्यात जातं. वरून बघणाऱ्याला वाटतं, वाळलेलं गवतच तर जळलं.

रानाच्या कडेला पोचेपर्यंत अंधारलं. मामा म्हणाले, "भाई, इथं बसा जरा. बॅटरी बंद करा." मी बॅटरी बंद केली. आधी काहीच दिसेना. मग समोरच्या झाडावर एक ठिणगी उठली. दुसरी उठली. बघता बघता अख्खं झाड लखलखलं, विझलं आणि पुन्हा लखलखलं. शेजारच्या झाडानं त्याच्या पाठोपाठ तेच केलं.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. अम्मी 'जुगनू' म्हणायची, शाळेतल्या बाई 'काजवा' म्हणायच्या. दोन्ही शब्द मी कवितेत पुष्कळ वापरले. त्या रात्री तो नुसता बघितला. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याच्या परिसरात ही काजव्यांची झाडं दिसतात. काजवा आयुष्याचा बहुतेक काळ अळी म्हणून जमिनीत, ओलसर पाचोळ्यात काढतो. तिथं तो गोगलगायींसारखे मऊ अंगाचे जीव खातो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती उरतात ते थोडे दिवस, आणि त्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, पण चटका बसेल अशी उष्णता जवळजवळ नसते. नर उडत, चमकत इशारा देतो. मादी बहुधा गवतावर, झुडपावर खाली बसून मंद चमकून उत्तर देते. ते उत्तर नराला दिसलं तर पुढच्या वर्षी काजवे. पावसानं जोर धरला की हा खेळ संपतो. काजवे चमकले की पाऊस जवळ आला, असं मामांच्या गावात म्हणतात.

थोडक्यात काय, आपल्याकडे वैशाखात लगीनसराई असते तशीच ती काजव्यांचीही. आणि त्यांच्या मांडवात आपण कसे शिरतो ते त्याच रात्री तासाभरानं दिसलं. शनिवार होता. गाड्यांची रांग लागली होती, सगळ्यांचे मोठे दिवे चालू. झाडाखाली मोबाईलचे उजेड. कुणी फांदी हलवून बघत होतं, कुणी मुलाला बाटलीत काजवा धरून देत होतं. एका गाडीत गाणी लागली होती. बरं, ही माणसं वाईट होती का? मुळीच नाही. मुंबई, पुणे, नाशिकहून प्रवास करून ती लेकरांना काजवे दाखवायला आली होती. त्यांच्या दिव्यांच्या झोतात झाड मात्र काळं पडलं होतं, आणि त्यांचे पाय ज्या गवतात होते त्याच गवतात माद्या बसलेल्या असणार.

मला नानीनं सांगितलेली कुराणातली एक गोष्ट आठवली. हजरत सुलेमान आपलं मोठं लष्कर घेऊन मुंग्यांच्या खोऱ्याजवळ आले. तेव्हा एक मुंगी बाकीच्या मुंग्यांना म्हणाली, आपापल्या घरात शिरा, नाहीतर सुलेमान आणि त्यांचं लष्कर तुम्हाला चिरडून टाकील, आणि त्यांना ते कळणारही नाही. सुलेमानांना मुंग्यांची भाषा समजत होती. ते ऐकून हसले, त्यांनी अल्लाहचे आभार मानले आणि आपल्या हातून भलं घडावं अशी दुआ मागितली. या गोष्टीत मला नेहमी त्या मुंगीच्या न्यायबुद्धीचं नवल वाटतं. ती सुलेमानांना जुलमी म्हणत नाही. त्यांना कळणार नाही, एवढंच म्हणते. गिधाडांचं तेच झालं, वणव्यात तेच होतं आणि काजव्यांच्या झाडाखालीही तेच चाललं आहे. डोंगरातल्या जिवांचं मोठं नुकसान वैऱ्यांकडून होत नाही. ते न कळणाऱ्यांकडून होतं. आपल्याला मुंग्यांची भाषा येत नाही, म्हणून निदान ज्याला येते अशा माणसाचं ऐकावं.

मग लोकांनी यायचंच नाही का, असं मी मामांना विचारलं. त्यांनी मान हलवली. या तीन आठवड्यांत गावातली पोरं वाट दाखवतात, बायका जेवण करून देतात, तंबू लागतात. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा येतो, त्यातून बी-बियाणं येतं. ते थांबवायचं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय. "येऊ द्या की," ते म्हणाले, "पण लग्नाला आल्यासारखं यावं. दरोडा घातल्यासारखं नको."

वनखात्यानं या दिवसांत वेळेची आणि गाड्यांच्या दिव्यांची बंधनं घातली आहेत. ती पाळावीत. पण प्रत्येक झाडाखाली वनरक्षक उभा राहू शकत नाही. म्हणून जाणाऱ्यांना हात जोडून काही सांगणं आहे. गावातला वाटाड्या घ्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. गाडी लांब उभी करून चालत जा. बॅटरी लागलीच तर पायापुरती, तीही जमिनीकडे धरून. मळलेली वाट सोडून गवतात शिरू नका. फोटो नाही निघाला तरी चालेल. पाणवठ्यावर पथारी टाकू नका, तो दुसऱ्याचा आहे. काडी पेटवू नका. आणि लेकरांना जरूर न्या. पाच मिनिटं काळोखात गप्प बसायला लावा. सुरुवातीला कुरकुरतील, मग आपणच कुजबुजत बोलू लागतील.

रात्री परतताना मामांनी ओढ्यापाशी थांबून कोरड्या गोट्यांवर हात ठेवला आणि वर आभाळाकडे बघितलं. "पंधरा दिवस," म्हणाले. त्यानंतर हेच पाणी आमच्या संगमनेरवरून वाहणार होतं, नेवाशापर्यंत जाणार होतं. वरचं रान शाबूत आहे म्हणून ते खाली येतं, आणि रान शाबूत राहतं ते बिया टाकत फिरणारी उदमांजरं आणि पाखरं तिथं आहेत म्हणून. ज्यांच्या घरात प्रवरेचं पाणी येतं, त्या सगळ्यांचं त्यांच्याशी एवढं नातं तर आहेच.